महामार्गाचं काम सुरू असताना जनजागृती कशी करावी: फाट्यावरच्या गावांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. प्रभातफेरी निघते, हेल्मेट घालणाऱ्याला गुलाबाचं फूल मिळतं, बॅनरसमोर फोटो होतो. सहापदरीकरण चालू असलेल्या सातारा-कागल पट्ट्यात फेरी संपल्यावर त्यातल्याच एखाद्या मुलाला विचारा, ‘उद्या सकाळी कराडची एसटी कुठे थांबणार?’ बहुतेकांना सांगता येत नाही. थांबा गेल्या आठवड्यात हललेला असतो आणि फेरीत त्याविषयी कुणी अवाक्षर काढलेलं नसतं.

कामाच्या पट्ट्यातला धोका जागा बदलत राहतो. काल सरळ जाणारा रस्ता आज डावीकडे सर्व्हिस रोडवर वळतो, परवाचा खड्डा भरला जातो आणि दोनशे मीटर पुढे नवा खणला जातो. त्यामुळे रोज जाणारा माणूसच जास्त फसतो. तो डोळ्यांपेक्षा सवयीने गाडी चालवत असतो. त्याला नेमकी आणि ताजी माहिती लागते: कुठे, कधीपासून, काय करायचं. सगळी जनजागृती या तीन प्रश्नांभोवती बांधायची. खालचे टप्पे ग्रामपंचायत, तरुण मंडळ, शाळा किंवा बचत गट यांच्यापैकी कुणालाही करता येतील, मात्र क्रम सोडू नका. बहुतेक ठिकाणी पहिले तीन टप्पे गाळून थेट बॅनर छापला जातो आणि तिथेच सगळं फिसकटतं.

## टप्पा १: आधी पट्टा नीट पाहून घ्या

आपल्या गावाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक किलोमीटर एवढाच भाग धरा. सगळा राष्ट्रीय महामार्ग ४८ सुधारायला जाऊ नका. हा भाग दोनदा पाहायचा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर. गाडी दुसऱ्याने चालवावी, तुम्ही शेजारी बसून टिपणं घ्यावीत.

कामाचा पट्टा कसा असावा हे ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या आयआरसी:एसपी:५५ या मार्गदर्शिकेत सांगितलेलं आहे. त्याचे चार भाग होतात. पहिला आगाऊ सूचनेचा, जिथे पुढे काम आहे हे पिवळे फलक सांगतात. दुसऱ्यात लेन हळूहळू अरुंद होत वाहतूक बाजूला घेतली जाते. तिसरा प्रत्यक्ष कामाचा. चौथ्यात वाहतूक पुन्हा मूळ लेनवर येते. प्रत्येक भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते किलोमीटरच्या दगडासकट लिहा. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटा दगड असतो, तोही उपयोगी पडतो. दगड काढून टाकलेले असतील तर पेट्रोल पंप, कमान, ढाबा अशा पक्क्या खुणा घ्या.

एवढं टिपा: वळण किती आधी कळतं, रात्री फलक चमकतात का, बॅरिकेडमध्ये माणसं घुसतील अशी फट कुठे आहे, एसटीचा थांबा कुठे गेला, खरवडलेला आणि न खरवडलेला रस्ता यांच्यातली पायरी कुठे आहे, पाऊस पडला तर कुठला खड्डा पाण्याने झाकला जाईल.

सावधान: मोजमाप किंवा फोटो घेण्यासाठी चालू लेनमध्ये उतरू नका. बॅरिकेड ओलांडून कामाच्या जागेत जाऊ नका. आत क्रेन आणि डंपर मागे-पुढे होत असतात आणि त्यांच्या चालकाला मागचं फार थोडं दिसतं.

तपासा: तुमची टिपणं वाचून परगावचा माणूस अंधारात योग्य वळण घेऊ शकेल का? शंका असेल तर पुन्हा फेरी मारा.

## टप्पा २: कुणाला सांगायचं ते नावानिशी ठरवा

‘सर्व नागरिक’ हा कुणाचाच पत्ता नाही. आपल्या फाट्यावरून कोण, किती वाजता जातं याची यादी करा. या पट्ट्यात ती साधारण अशी निघते: पहाटे दूध संकलनाच्या गाड्या, सकाळी शाळेची मुलं आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीला पाळीवर जाणारे दुचाकीस्वार, दिवसभर एसटीचे प्रवासी, हंगामात ऊसवाहतूक, चैत्रात जोतिबाला आणि आषाढीला पंढरपूरला निघालेल्या दिंड्या, यात्रा-गणपतीला गावी येणारे मुंबई-पुणेकर.

या यादीतून तीनच गट निवडा आणि त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचा. ऊसवाहतूक मात्र सोडू नका, कारण कामाच्या पट्ट्यात सगळ्यात मोठा धोका तिच्यापासून आणि तिलाच असतो. तिच्याविषयी पाचव्या टप्प्यात सविस्तर लिहिलं आहे.

## टप्पा ३: ठेकेदार, प्राधिकरण आणि पोलीस यांच्याशी आधी बोला

ही पायरी गाळली की तुमची माहिती पहिल्याच आठवड्यात शिळी होते. ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव घ्या आणि त्याची प्रत जोडून तीन ठिकाणी पत्र द्या: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं प्रकल्प कार्यालय, ठेकेदाराचं साइट ऑफिस आणि आपलं पोलीस ठाणे. पत्रात एवढंच मागा:

- वळण किंवा थांबा बदलण्याआधी किमान तीन दिवस गावाला निरोप मिळावा.
- साइटवरच्या सेफ्टी ऑफिसरचा आणि रात्रपाळीच्या प्रमुखाचा नंबर मिळावा.
- काम चालू असेपर्यंत एसटीचा थांबा नेमका कुठे राहील, तिथे उजेड आणि उभं राहायला जागा आहे का, हे लेखी कळावं.
- पायी ओलांडायची जागा ठरवून द्यावी.

थांब्याच्या बाबतीत एसटी आगारालाही प्रत द्या. ठेकेदाराने जागा हलवली आणि चालक-वाहकांना कुणी सांगितलंच नाही, की गाडी जुन्याच जागी थांबते आणि प्रवासी दोन्हीकडे पळत सुटतात.

पाहणीत फलक किंवा दिवे नाहीत असं आढळलं असेल तर ती तक्रार आहे. तिला जनजागृतीत मिसळू नका, आधी वेगळी नोंदवा. प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक आणि ‘राजमार्गयात्रा’ ॲप दोन्हीकडे तक्रार घेतली जाते. ॲपवर फोटो जागेसकट जातो, त्यामुळे ‘असं ठिकाणच नाही’ हे उत्तर येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची सुरक्षा-मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात हे कलम नुसतं नमूद केलं तरी चालतं, धमकीची भाषा नको.

फलकच लावलेला नसताना लोकांना ‘सावकाश जा’ म्हणत राहणं अन्यायाचं आहे. ज्याची जबाबदारी आहे त्याला ती उचलायला लावणं हे या कामातलं पहिलं कर्तव्य आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सावधान: महामार्गाच्या हद्दीत स्वतःचा बॅनर किंवा कमान प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. शिवाय आपलाच बॅनर वळणाचा फलक झाकून टाकतो. रस्त्यावर फेरी, पथनाट्य, गाड्या अडवून पत्रकं वाटणं हेही टाळा. कामाच्या पट्ट्यात थांबलेली प्रत्येक गाडी मागून येणाऱ्यासाठी नवा अडथळा असते.

## टप्पा ४: निरोप लिहा

सगळं काम या टप्प्यावर तरतं किंवा बुडतं, म्हणून इथे वेळ द्या. नेहमी दिसणारा निरोप असा असतो:

‘वाहनचालकांनी कामाच्या ठिकाणी वाहने सावकाश चालवून सहकार्य करावे. समस्त ग्रामस्थ.’

यात जागा नाही, वेळ नाही, किती सावकाश हेही नाही. आता हा पाहा:

‘सोमवारी रात्रीपासून कोल्हापूरहून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक फाट्याच्या पुलाआधी डावीकडे सर्व्हिस रोडवर वळवली आहे. पेट्रोल पंप गेला की लगेच वळण येतं. पंप दिसताच वेग ४० वर आणा आणि डावी लेन धरा. कराडला जाणारी एसटी आता बँकेसमोर थांबेल. ही माहिती शनिवारपर्यंतची आहे. बदल झाला तर नवा निरोप येईल.’

लिहिताना चार गोष्टी सांभाळा.

पहिली, खूण वळणाच्या आधीची द्या. ‘मारुती मंदिराजवळ वळण आहे’ हे मंदिर वळणानंतर येत असेल तर निरुपयोगी आहे.

दुसरी, दिशा गावाच्या नावाने सांगा. ‘डावी बाजू’, ‘पलीकडचा रस्ता’ हे ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर बदलतं. ‘साताऱ्याकडे जाणारी लेन’ बदलत नाही.

तिसरी, वेग आकड्यात सांगा आणि फलकावर असेल तोच सांगा. वरच्या नमुन्यात ४० घेतला आहे, तुमच्या पट्ट्यात ३० असेल तर ३० लिहा. कारणही एका वाक्यात द्या, कारण पटल्याशिवाय कुणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढत नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, ४० च्या वेगाने ११ मीटर. मात्र ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेग निम्मा केला की चौथाईवर येतं. अरुंद लेनमध्ये समोर अचानक डंपर आला तर हा फरकच वाचवतो.

चौथी, माहिती कधीपर्यंतची आहे ते लिहायलाच हवं. मुदत नसलेला निरोप व्हॉट्सॲपवर महिनोन्‌महिने फिरतो आणि वळण बदलल्यावर लोकांना चुकीच्या बाजूला पाठवतो. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट.

तपासा: निरोप गावातल्या एका वयस्कर माणसाला आणि एका शाळकरी मुलाला वाचून दाखवा. दोघांनाही काय करायचं ते परत सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर वाक्यं आणखी तोडा.

## टप्पा ५: ऊसवाहतूक

साखर कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी तयारी करून ठेवायची, पण सांगायचं मात्र ऊसतोडीच्या टोळ्या आल्यावर. तोडणी-वाहतुकीची बरीच माणसं बीड आणि आसपासच्या भागातून येतात, गावाच्या ग्रुपवर ती नसतात. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता मुकादम, कारखान्याचं गट ऑफिस आणि चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) यांच्यातून जातो. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू असा जो कारखाना जवळ असेल, त्याच्या शेतकी विभागाला पत्र द्या आणि गाडीतळावर नंबर लावून थांबलेल्या चालकांशी समोरासमोर बोला. तिथे ते मोकळे असतात, ऐकून घेतात.

ट्रॅक्टरला रेडियम लावा, एवढं सांगून काम होत नाही. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहा म्हणजे कारण दिसेल. ट्रॉलीच्या फळीला रिफ्लेक्टर असतो, पण ऊस फळीच्या बाहेर हातभर आलेला असतो आणि त्याची वाढी (हिरवे शेंडे) खाली लोंबत असतात. रिफ्लेक्टर पूर्ण झाकला जातो. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात काळपट हिरवा ढीग तेवढा असतो, तोही अगदी जवळ आल्यावर दिसतो. म्हणून रेडियमची पट्टी लावलेलं फडकं किंवा पत्रा भरलेल्या उसाच्या बाहेरून दोरीने बांधायचा, गाडी भरून झाल्यावर. डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीला मागे आणि दोन्ही ट्रॉल्यांना बाजूने. बैलगाडीलाही मागे तसंच आणि जमलं तर जोखडावर पुढूनही एक पट्टी.

आता वेगाचा हिशेब चालकाला आणि कारवाल्याला दोघांनाही सांगा. कार ८० ने येते आहे आणि ट्रॅक्टर १५ ने चालला आहे. दोघांतलं १०० मीटरचं अंतर साडेपाच सेकंदांत संपतं. अरुंद केलेल्या लेनमध्ये बाजूला निघायला जागाच नसते.

ऊसवाहतूकदारांना सांगायचे मुद्दे थोडेच ठेवा: कामाच्या पट्ट्यात ट्रॉली पंक्चर झाली तरी चालू लेनमध्ये चाक काढत बसू नका, हळूहळू पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत न्या. अजिबातच हलत नसेल तर मागे बऱ्याच अंतरावर दिवा किंवा रेडियमची खूण ठेवा आणि १०३३ ला कळवा. खूण म्हणून दगड ठेवू नका, निघताना ते उचलले जात नाहीत आणि रात्री दुचाकीखाली येतात. टेपचा मोठा आवाज बंद ठेवा, मागचा हॉर्न आणि झेंडेवाल्याची (कामावर झेंडा दाखवून गाड्या थांबवणाऱ्याची) शिट्टी ऐकू आली पाहिजे. आणि वळसा वाचवायला उलट्या दिशेने सर्व्हिस रोडवर शिरू नका. महामार्गाची सगळी वाहतूक त्या वेळी त्याच सर्व्हिस रोडवरून समोरून येत असते.

## टप्पा ६: बाकीच्या चालकांना काय सांगायचं

1. पहिला पिवळा फलक दिसला की ओव्हरटेक बंद. वेग तिथेच कमी करायला लागा, वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक मारू नका.
2. दोन लेनची एक होते तिथे एक गाडी इकडची, एक तिकडची असं जा. शेवटच्या क्षणी पुढे घुसणाऱ्यामुळेच रांग अडते.
3. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. पुढे डंपर असेल तर जास्तच, तो कुठेही कामाच्या जागेत वळतो.
4. झेंडेवाला जे सांगेल ते ऐका. तो उन्हातान्हात गाड्यांकडे तोंड करून उभा असतो आणि त्याच्या संरक्षणाला हातातल्या झेंड्यापलीकडे काही नसतं. त्याच्यावर ओरडू नका.
5. रात्री लाइट डिपरवर ठेवा. तात्पुरत्या दुहेरी वाहतुकीत समोरच्याचे डोळे दिपले की तो बॅरिकेडवर जातो.
6. पट्टा संपल्याचा फलक येईपर्यंत वेग वाढवू नका.

दुचाकीवाल्यांना वेगळं सांगा. खरवडलेल्या रस्त्याच्या कडेची पायरी तिरकी कापायला गेलं की चाक घसरतं. वेग कमी करून, हँडल सरळ ठेवून ती ओलांडायची. खडी आणि सांडलेल्या ओल्या मातीवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. पावसाळ्यात पाणी साचलेल्या जागेतून शॉर्टकट घेऊ नका, खाली रस्ता आहे की पुलाच्या पायाचा खड्डा हे वरून कळत नाही.

सावधान: बॅरिकेड किंवा पिंप बाजूला सारून स्वतःपुरती वाट करणं ही फाट्यावरच्या गावांतली सगळ्यात नेहमीची चूक. दिवसा केलेली ती फट रात्री अनोळखी चालकाला रस्त्यासारखी दिसते. आपल्याच गावातलं कुणी असं करत असेल तर त्याला घरी जाऊन सांगा, ग्रुपवर नको.

## टप्पा ७: पायी चालणारे आणि मुलं

शाळेत भाषण ठेवू नका. परिपाठाच्या वेळी ठेकेदाराच्या सेफ्टी ऑफिसरला आणि शक्य असेल तर एखाद्या झेंडेवाल्याला बोलवा. लाल आणि हिरव्या झेंड्याचा अर्थ मुलांना त्याच्याकडूनच कळू द्या. मग शिक्षक आणि पालकांनी मुलांना ठरलेल्या जागेवरून, भुयारी मार्गातून किंवा पुलाखालून एकदा प्रत्यक्ष चालवत न्यावं. मुलं सांगितलेलं विसरतात, चाललेली वाट विसरत नाहीत. अर्धवट पुलावर आणि खडीच्या ढिगावर खेळायला जाणं बंद, हे घरून सांगितलं गेलं पाहिजे.

वयस्कर माणसांसाठी मंदिरावरचा भोंगा उपयोगी पडतो, पोलिसांची परवानगी घेऊन. थांबा बदलला असेल तर जुन्या थांब्यावर दोन दिवस, सकाळच्या वेळी, रस्त्याच्या आतल्या बाजूला एक कार्यकर्ता उभा करा. दहा पोस्टरांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

## टप्पा ८: अपघात झाला तर काय सांगायचं, याचा सराव

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व इतर तातडीसाठी ११२, महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. हे नंबर सगळ्यांना माहीत असतात. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: ‘नेमकं कुठे?’ फाट्याचं नाव, जवळचा किलोमीटर दगड किंवा खूण, आणि गाडी कोणत्या लेनवर आहे, साताऱ्याकडे जाणाऱ्या की कोल्हापूरकडे जाणाऱ्या, हे तिन्ही सांगायचं. मध्ये काँक्रीटचे ठोकळे लावलेले असताना चुकीच्या बाजूने आलेली रुग्णवाहिका समोर दिसूनही पोचत नाही, तिला पुढच्या तोंडापर्यंत जाऊन वळावं लागतं. म्हणून एकाने वळणाच्या तोंडाशी, रस्त्याबाहेर उभं राहून गाडीला वाट दाखवावी.

मदत करायला लोक कचरतात ते पोलिसांच्या फेऱ्याला भिऊन. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. आपलं नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पोलीस ठाण्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडून हे गावात सांगवून घ्या, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल.

## टप्पा ९: फरक पडला का ते मोजा

कार्यक्रमाला किती लोक आले ते मोजू नका. कामाला लागण्याआधी एका ठरलेल्या तासात, सुरक्षित जागी उभं राहून तीन गोष्टी मोजा: किती माणसं फटीतून रस्ता ओलांडतात, किती दुचाकी उलट दिशेने येतात, किती ट्रॉल्यांना बाहेरून रेडियम आहे. पंधरा दिवसांनी त्याच वारी, त्याच तासात पुन्हा मोजा. फटीतून जाणारे कमी झाले नसतील तर लोकांना दोष देण्याआधी ठरवून दिलेली जागा किती लांब आहे ते चालून पाहा. वळसा फार मोठा असेल तर मोजलेले आकडे घेऊन पुन्हा प्रकल्प कार्यालयात जा. तोंडी तक्रारीपेक्षा तारीख-वेळ घातलेल्या कागदाला वजन असतं.

हे सगळं एका माणसाकडे सोपवा. वळण बदललं की टप्पा १ मधली टिपणं सुधारायची, चौथ्या टप्प्यातला निरोप नव्याने लिहायचा, जुना निरोप ग्रुपवरून आणि भिंतीवरून काढायचा, एवढी जबाबदारी त्याची. पूल खुला झाल्यावर शेवटचा निरोपही त्यानेच द्यायचा: कोणत्या तारखेपासून वाहतूक वरून जाणार, सर्व्हिस रोड पुन्हा फक्त गावासाठी कधी होणार आणि एसटी कायमची कुठे थांबणार. खुला झाल्यावर पहिले काही दिवस लोक जुन्याच वळणाने जायला बघतात, तेव्हा हा निरोप आठवडाभर रोज सकाळी द्या.